आडनाव आधी

ते मासिक आमच्याकडे बोटीनं यायचं. परदेशात छापून झाल्यावर तीन-चार महिन्यांनी, खाकी कागदात घट्ट गुंडाळलेलं आणि एका कोपऱ्यात हटकून दुमडलेलं. मुलुंडच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर ते येऊन पडलं की वॉचमन फोन करायचा, "बाई, तुमचं ते आलं," आणि मी हातातलं टाकून धावत सुटायची. पगाराच्या दिवशीसुद्धा मी एवढी धावत नसे. अख्खा कारखाना हसायचा. हसू देत. आत काय छापून आलंय हे कळायच्या आधीच मला आनंद झालेला असायचा.

कारखाना चिनी मातीचे इन्सुलेटर बनवायचा. विजेच्या खांबावर बशा पालथ्या घालून एकावर एक रचल्यासारखं जे दिसतं ना, ते. वीज अडवणं हे त्यांचं काम. आणि त्या कारखान्याच्या इवल्याशा संशोधन विभागात बसून मी मात्र वीज अजिबात न अडवणाऱ्या पदार्थाच्या नादी लागले होते. आमचे साहेब मूळ पुण्याचे, वाक्य पूर्ण केल्याशिवाय श्वास न घेणारे. ते म्हणायचे, "बाई, आपण मीठ आमचं खाता आणि प्रचार विरोधी पक्षाचा करता."

काय करणार! दिवसच तसे होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि एका काळ्या, ठिसूळ, मातीच्या खापरासारख्या पदार्थानं जगभरच्या रसायनवाल्यांची झोप उडवली होती. तांबं, बेरियम आणि आणखी एक दुर्मीळ धातू यांचं ऑक्साइड योग्य प्रमाणात मिसळून भाजलं आणि नीट थंड केलं की त्यातून वीज कसलीही कुरकुर न करता वाहते, असं सिद्ध झालं होतं. अट एकच, पदार्थ भयंकर गार हवा. एरवी आमच्या मासिकात काचेवर, सिमेंटवर, मातीच्या कणांवर शांतपणे लेख यायचे. त्या वर्षी पाकीट फोडलं की एकच गलका. जो तो तेच भाजत होता.

मीही भाजलं. माझ्याकडे एक मफल भट्टी होती. मफल म्हणजे चारी बाजूंनी तापणारी बंद पेटी. लोखंडी दार, आत विटांचं अस्तर, दोन ट्रंका एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात एवढा आकार. गोरेगावच्या तबेल्यांकडे गुरांचे एक डॉक्टर होते. वळूंचं वीर्य साठवायला त्यांच्याकडे द्रवरूप नायट्रोजन असायचा. त्यांच्याकडून एक थर्मासभर मागून आणला. डॉक्टर म्हणाले, "गाय कुठली आहे?" मी म्हटलं, "गाय नाही, खापर आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता थर्मास परत घेतात. पण दिला.

बशीत त्या भाजलेल्या पदार्थाची काळी टिकली, तिच्यावर वाफाळणारा नायट्रोजन आणि वर छोटासा लोहचुंबक सोडला. टिकली जमली असेल तर ती चुंबकाला जवळ येऊ देत नाही. चुंबक टेकलाच नाही. टिकलीच्या वर, मधल्या मोकळ्या हवेत, तरंगत राहिला. खाली कागद सरकवून बघितला, आरपार गेला. आमची टायपिस्ट, मरोळच्या गावठाणातली माझी ख्रिश्चन मैत्रीण, तिनं आधी क्रूसाची खूण केली आणि मग माझ्या पाठीत धपाटा घातला. "अगं बये, झकास! पुन्हा कर, पुन्हा कर!"

साहेबांनी चष्मा काढून पाहिलं. म्हणाले, "उत्तम. मात्र परदेशात हे आता शाळेतली मुलंही करून दाखवतात, असं वाचनात आलं."

त्यांचं चूक नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर आठवडाभरातच त्यांनी मला बोलावलं. झिलईच्या खात्याला भट्टी हवी होती. इन्सुलेटरवर जो चकचकीत थर चढतो, त्या झिलईच्या चाचण्यांसाठी. नवी घ्यायला वरच्यांची तयारी नव्हती आणि माझी भट्टी त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. भट्टी गेली की मीही टेस्टिंगला जायची. टेस्टिंग म्हणजे दिवसभर इन्सुलेटर दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटला ते लिहायचं. मी ते सहा महिने केलं होतं. स्वप्नातसुद्धा फाटकन आवाज यायचे.

"संचालकांची बैठक आहे," साहेब म्हणाले. "ते मला विचारणार, या बाई जे करतात त्याला बाहेर कोणी विचारतं का? आपण एक टिपण तयार करा. या मासिकात गेल्या पाच वर्षांत कोणत्या विषयावर किती लिहिलं गेलं, कशाचा उल्लेख वाढतो आहे, कशाचा घटतो आहे. आणि त्यात आपलं काम कुठे बसतं. आपला एक शोधनिबंध आहे ना याच मासिकात? त्याचा उल्लेख कोणी केला असेल तर उत्तमच. नसेल तर मला फार बोलता यायचं नाही."

होता ना शोधनिबंध! एकच होता. लग्नाच्या आधीचा, रिसर्च करून एमएस्सी केलं तेव्हाचा. तांब्याची मिश्र ऑक्साइडं बनवायची एक सोपी रीत मी काढली होती. धातूंच्या ऑक्साइडांची पूड खलबत्त्यात कुटून भाजण्यापेक्षा त्यांचे क्षार पाण्यात विरघळवायचे आणि एक आम्ल घालून सगळे एकदम खाली बसवायचे. लिंबू पिळून दूध फाडतात तसं. साका इतका बारीक आणि एकजीव मिळतो की भाजायला निम्मा वेळ लागतो. आमच्या सरांनी मोठ्या मनानं माझं नाव पहिलं घातलं होतं. तेव्हा तसल्या ऑक्साइडांना काळं कुत्रंही विचारत नव्हतं. पुढे सर निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले, मी लग्न होऊन मुलुंडला आले आणि तो निबंध माझ्या ट्रंकेत गेला.

इथे एक सांगायला हवं. या आठवणीत मी कोणाचंही नाव लिहिणार नाही. नावांनी आधीच पुरेसा घोळ घातलेला आहे.

तर मी कामाला लागले. कोणाचा उल्लेख कोणी केला हे कळायला तेव्हा एक जाडजूड सूची निघायची. अमुक माणसाच्या अमुक लेखाचा आधार यंदा कोणाकोणाच्या लेखात घेतला गेला, ते लेखकाच्या आडनावाखाली छापलेलं. आमच्याकडे ती कुठली असायला! टेकडीपल्याडच्या एका मोठ्या संस्थेच्या लायब्ररीत होती. साहेबांची चिठ्ठी घेऊन बसनं गेले. खंड उघडला तर अक्षर असं की मुंगीलाही चष्मा लागावा. तिथल्या ग्रंथपालांनी न मागता भिंग पुढे केलं.

माहेरच्या आडनावाखाली पाहिलं. आमच्या आडनावाचे बरेच लोक निघाले. एक दातांवर लिहिणारा, एक भातावरच्या किडीवर, एक तर चक्क खेकड्यांवर. बहुधा आमच्याच गावाकडचा. मी नव्हते. मागच्या वर्षाचा खंड काढला. नव्हते. उगाच, वेड्या आशेनं, सासरच्या आडनावाखालीही पाहिलं. तिथे कोण असणार?

भिंग परत केलं आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिले. रडू येत होतं आणि रडू येतंय याचा राग येत होता. जगातली एवढी माणसं तेच ऑक्साइड कुटत बसली होती, माझी रीत चार पानांवर छापलेली होती, आणि एकानंही ती वाचली नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की भट्टी गेली. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय गं, वाट लागली?" मी म्हटलं, "पूर्ण." तो बँकेत कारकून, त्याला रसायनातलं काही कळायचं नाही, पण तोंड बघून बातमी कळायची. त्यानं चहा केला.

तरी टिपण द्यायचं होतं. पाच वर्षांचे अंक टेबलावर रचले. प्रत्येक लेखाच्या मथळ्यावरून विषय ठरवायचा आणि विषयाच्या चौकटीत एक उभी रेघ मारायची. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. मग लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असते, ती वाचून कुठल्या विषयावरच्या जुन्या कामाचा आधार घेतलाय त्याच्या वेगळ्या रेघा. मैत्रीण दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन समोर बसायची.

"हे सायटेशन सायटेशन म्हणजे काय गं एवढं?"

"नाव घेणं," मी म्हटलं. "तुझ्या कामावर माझं काम उभं असेल तर शेवटी मी तुझं नाव घ्यायचं. नाही घेतलं तर चोरी."

"म्हणजे तुमच्या हळदीकुंकवात बायका घेतात तसं?"

"तिथे नवऱ्याचं घेतात. इथे ज्याला कधी बघितलं नाही त्याचं."

"आणि तुझं कोणी घेतलं नाही."

"नाही."

"भोग," ती म्हणाली आणि आपल्या डब्यातला बोंबील माझ्या डब्यात टाकला.

पण खरं सांगू? रेघा मारता मारता माझं दुःख मागे पडायला लागलं, इतकं ते चित्र रंगत गेलं. पहिल्या वर्षात काच पुढे, सिमेंट तिच्या पाठोपाठ, आमची ऑक्साइडं कुठेतरी तळाशी दोन-चार रेघांची धनी. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी तेच. आणि मग अचानक तांब्याच्या ऑक्साइडांची चौकट भरून वाहायला लागली. आलेखाचा कागद घेतला, स्तंभ काढायला लागले, तर शेवटचा स्तंभ कागदात मावेना. मैत्रिणीनं वर दुसरा कागद डिंकानं चिकटवला. तोही पुरला नाही. तिसरा चिकटवला आणि तो आलेख टेबलावरून खाली लोंबायला लागला. आम्ही दोघी हसत सुटलो. ती म्हणाली, "साहेबांना हा उभं राहून बघावा लागणार."

आणखी एक मजा दिसत होती. संदर्भांच्या याद्यांत आधी सगळे दोन-तीन वर्षांतलेच लेख असत. आता लोक जुनं उकरायला लागले होते. सहा वर्षांपूर्वीचं, दहा वर्षांपूर्वीचं. म्हणजे नवी वस्तू हाती लागल्यावर लोकांना जुन्या रीती आठवायला लागल्या होत्या. घरात बारसं ठरलं की माळ्यावरचा पाळणा आठवतो, तसं. मला हे इतकं आवडलं की टिपणात एक अख्खा परिच्छेद त्यावर लिहिला, आणि लिहिताना मनात आलं, मेल्यांनो, एवढं उकरताय तर अजून थोडं उकरा ना.

त्याच दुपारी एका जपानी लेखाची यादी वाचत होते. बोट खाली खाली सरकत होतं. आणि एका ओळीवर थांबलं.

मासिकाचं नाव हेच. खंड माझा. पान माझं.

माणूस घराचा पत्ता विसरेल, पण पहिल्या निबंधाचं पान विसरत नाही. मी ते पान मनात हजारदा उघडलं होतं. पण लेखकाचं नाव? माझं नव्हतं. माझ्या माहेरच्या आडनावाचं एक अक्षर, माझ्या नावाचं एक अक्षर, आणि त्यांच्या पुढे, ऐटीत, पूर्णच्या पूर्ण, माझ्या वडिलांचं नाव.

मी किंचाळले.

"काय, पाल?" मैत्रीण टाइपरायटर सोडून धावली.

"बाबा!" मी म्हटलं. "माझे बाबा! जपानमध्ये!"

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मला मात्र एका क्षणात सगळा घोळ उलगडला आणि मी हसायला लागले ते थांबेचना. आडनाव आधी! शाळेत घालायच्या दिवशी बाबांनीच शिकवलं होतं. घाटकोपरच्या टेकडीवर आमची खोली, बाबा गिरणीच्या रंगखात्यात, आणि मला महापालिकेच्या शाळेत नेताना वाटभर त्यांनी घोकून घेतलं होतं, "नाव इचारल्यानी तर अर्धा सांगू नको. पुरा सांग. आधी आडनाव, मग तुझा, मग माझा." तेव्हापासून मी तसंच सांगत आले. हजेरीपटावर तसंच, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर तसंच, डिग्रीवर तसंच. मासिकाच्या फॉर्मवरही त्याच क्रमानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्यांनी जसंच्या तसं छापलं. मला काही खटकलं नाही, सरांनाही नाही. साहेबांनी तर नोकरीच्या मुलाखतीत तो निबंध हातात धरून वाचला होता. खटकणार कसं? त्यांच्याही सर्टिफिकेटवर आडनाव आधीच होतं. पण तिकडच्या माणसाला वाटणार, जे शेवटी ते आडनाव. त्यांनी माझं आडनाव आणि माझं नाव यांची एकेक अक्षरं केली आणि बाबांना आडनाव करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडीपल्याड. ग्रंथपालांनी मला पाहिलं आणि भिंग काढलं. या वेळी मी बाबांच्या नावाखाली पाहिलं. नाव होतं. खाली माझा निबंध. आणि त्याच्याखाली रांग. जपानी, जर्मन, रशियन, अमेरिकन, एक बंगळूरचाही होता. रकान्याच्या तळापर्यंत रांग गेली होती आणि पुढच्या रकान्यात वळली होती. मी नाराज होऊन मिटलेल्या मागच्या वर्षाच्या खंडातही दोन-तीन जण बसलेले होते. सगळे माझ्या बापाचं नाव घेत होते. मला लायब्ररीत ओरडायचं होतं. ओरडता येत नाही म्हणून मी ग्रंथपालांचा हात धरून हलवला. ते बिचारे दचकले आणि म्हणाले, "झेरॉक्स पाहिजे का?"

झेरॉक्स घेऊन साहेबांपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिली.

"बाई, हे गृहस्थ कोण?"

"माझे वडील."

"अच्छा! तेही रसायनशास्त्रज्ञ का?"

"नाही सर. गिरणीत रंगखात्यात होते. आता चारकोपला असतात."

"मग निबंध कोणाचा?"

"माझा."

साहेबांनी चष्मा काढला. मी मॅट्रिकचं सर्टिफिकेट पुढे ठेवलं, निबंधाची छापील प्रत ठेवली, लग्नाचा दाखला ठेवला. त्यांनी सर्टिफिकेट वाचलं, निबंधावरचं नाव वाचलं, मग झेरॉक्स. मग परत सर्टिफिकेट. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्या गंभीर माणसाला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते हसले आणि मग त्यांना खोकलाच लागला. "एका इंग्रजानं तर लिहिलंय," मी म्हटलं, "की या गृहस्थांची रीत फार साधी आहे आणि त्याबद्दल त्यांचे आभार." मग तर त्यांनी टेबलावर थाप मारली.

बैठकीच्या दिवशी मी व्हरांड्यात. आत साहेब, तीन कागद चिकटवलेला आलेख आणि ती झेरॉक्स. दार बंद. आतून काहीच ऐकू येईना. मैत्रीण मुद्दाम फायली इकडून तिकडे नेत होती आणि प्रत्येक फेरीला विचारत होती, "काय?" मी मान हलवायची. झिलईच्या खात्यातले दोघे भट्टीचं माप घ्यायला टेप घेऊन आले होते. त्यांना मी प्रयोगशाळेच्या दारातच अडवलं. "माप घ्यायचं तर बैठकीनंतर. आत्ता टेप बाहेर काढली तर बघा." ते समजूतदार होते, चहाला गेले.

मग आत मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. बऱ्याच जणांचा. हसतायत म्हणजे काय? माझ्यावर? दार उघडलं. साहेब बाहेर आले, गुंडाळलेला आलेख काखेत.

"भट्टी राहिली," ते म्हणाले. "आणि आपणही राहिलात. नव्या निबंधाचं काम सुरू करा."

मी काहीतरी बोलणार, तर त्यांनी बोट वर केलं. "मात्र बाई, या खेपेला नाव नीट लिहा."

आनंदात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी प्रश्न पडला की नीट म्हणजे कसं? लग्नानंतर माझं आडनाव बदललं होतं, मधलं नाव बदललं होतं. नावातले बाबा पुसून तिथे नवरा बसला होता. तिकडच्या पद्धतीनं लिहिलं तर शेवटी सासरचं आडनाव आलं पाहिजे. पण मग सूचीत मी तिसऱ्याच पानावर जाणार, आणि ज्यानं ती साधी रीत काढली तो गृहस्थ एक निबंध लिहून वारला असंच जग समजणार. मी नवऱ्याला म्हटलं, "मी बाबांचंच नाव लावते. सलग राहील."

"आणि माझं?"

"तुझं रेशनकार्डावर आहे ना."

तो म्हणाला, "बरं. साखर तरी माझ्या नावावर येऊ दे."

रविवारी चारकोपला गेले. गिरणी संपात बंद पडली त्यानंतर घाटकोपरची खोली सोडून बाबा-आई तिकडे सेक्टरात राहायला गेले होते. दारात पत्र्याची सावली, कुंडीत ओवा. आम्ही तिघी बहिणी. गावाहून चुलते आले की जेवता जेवता एकदा तरी म्हणायचेच, "तीन चेडवांच. तुझा नाव कोण लावतलो?" बाबा भात कालवत राहायचे. मला लहानपणी तेव्हा चुलत्यांच्या ताटात मीठ ओतावंसं वाटायचं.

बाबांपुढे झेरॉक्स ठेवली आणि भिंग दिलं. भिंग मी स्वतःचं विकत घेतलं होतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, पण गिरणीच्या पासावर नाव इंग्रजीत असायचं, ती अक्षरं तोंडओळखीची. त्यांनी भिंग धरलं. बोटानं एकेक अक्षर लावलं आणि एकदम माझ्याकडे पाहिलं.

"ह्या माझा नाव?"

"हो."

"हंय कित्याक?"

मी सांगितलं. रीत, निबंध, फॉर्म, आडनाव आधी, सगळं. खालची रांग दाखवली. "या सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं, बाबा. हा जपानचा. हा जर्मनीचा."

बाबा जरा घाबरलेच. "नाव घेतल्यानी? माझ्याकडना तेंका काय व्हया?" गिरणीत मुकादमानं नाव घेतलं की काहीतरी बिनसलेलंच असायचं.

"काही नको. आभार मानतायत."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत. "बघ, चेडवान नाव काढला!" ती म्हणाली. "आता येऊ देत तुमचे भाऊ जेवूक." मला वाटलं आता बाबांचे डोळे भरतील. मी माझा रुमाल तयार ठेवला होता.

बाबांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. भिंग फिरवून फिरवून काहीतरी शोधत होते.

"हेच्यात तुझा खंय?"

"हे काय," मी म्हटलं, "हे एक अक्षर. हे माझं."

"एक अक्षर?"

"हो. तशी पद्धत आहे."

बाबांनी भिंग खाली ठेवलं. चिडले होते. "काम तुया केलंस, हात तुझे भाजले, आणि नाव माझा? ह्या बरा नाय. रंगखात्यात आमी रंग जमवायचो आणि नाव लागायचा जॉबरचा. ता मी तीस वर्सा बघलंय. माका तसला नाव नको."

एवढा आनंद घेऊन आले होते, आणि जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, लाटावं तसं श्रेय माझ्या हातून बाबांच्या माथी मारलं गेलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजावून पाहिलं, की नाव बदललं तर मागचं पुढचं तुटेल, की भट्टी त्या नावामुळे राहिली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लाव तर लाव. पण तुझा पुरा लिव. अर्धा लिवू नको."

भट्टी तापली. त्या पावसाळ्यात मी माझ्या जुन्या रीतीत थोडा बदल केला आणि टिकली आधीपेक्षा घट्ट, एकसारखी निघायला लागली. गोरेगावचे डॉक्टर आता विचारायचे, "खापराची तब्येत कशी आहे?" निबंध लिहिला. मैत्रिणीनं टाइप केला आणि नावाच्या ओळीशी येऊन थांबली. "बोल. कसं?" मी सांगितलं. तिनं दोन शब्द टाइप केले.

मासिक बोटीनं आलं. वॉचमननं फोन केला आणि मी धावले, अख्खा कारखाना हसला. गेटवरच खाकी कागद फाडला. त्याच संध्याकाळी अंक पिशवीत घालून चारकोप गाठलं.

बाबा दारातच बसले होते. मी पान उघडून मांडीवर ठेवलं. इथे भिंग लागणार नव्हतं, अक्षर मोठं होतं. बाबांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तो त्यांच्या ओळखीचा नव्हता, म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"ह्या तुझा," ते म्हणाले. "पुरा."

मग बोट पुढच्या शब्दावर सरकलं. ती अक्षरं त्यांना येत होती. तिथे ते थोडं रेंगाळलं.

"आणि तुझ्या मागे मी उभो."